दोनदा मोजलेली माणसं

हैदराबाद मेट्रोच्या हिरव्या मार्गावर आरटीसी क्रॉस रोड्स, चिक्कडपल्ली, नारायणगुडा आणि सुलतान बाजार ही स्थानकं ओळीनं येतात. पहिलं सिनेमाचं. संध्या, सुदर्शन, देवी ही थिएटरांची नावं तेलुगू सिनेमाच्या कुठल्याही चाहत्याला पाठ असतात. शेवटचं बाजाराचं, आणि जुन्या हैदराबादी मराठी माणसाच्या आठवणींचं. मधलं चिक्कडपल्ली अभ्यासाचं. सकाळी इथं उतरणाऱ्या मुलामुलींच्या पाठीवर जड सॅक असते, हातात पाण्याची बाटली असते आणि पावलं सिटी सेंट्रल लायब्ररीकडे वळलेली असतात.

या लायब्ररीत तिथली पुस्तकं वाचणाऱ्यांपेक्षा स्वतःची पुस्तकं घेऊन बसणारे जास्त. शेजारच्या अशोकनगरच्या गल्ल्यांमध्ये क्लास, होस्टेलं, झेरॉक्सची दुकानं आणि जुन्या प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे. स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांसाठी पुण्यात सदाशिव पेठ आणि नवी पेठ जे आहे, तेच तेलंगणात हे दोन मोहल्ले. ग्रुप-१, ग्रुप-२, पोलीस सबइन्स्पेक्टर, कॉन्स्टेबल, बँका, स्टाफ सिलेक्शन. जरा पुढे हिमायतनगरच्या बाजूला कॅट आणि जीमॅट. आदिलाबादकडून आलेल्या मुलांत घरी मराठी बोलणारेही असतात. परीक्षा वेगळ्या, भाषा वेगळ्या, वयंही वेगळी. पण एका प्रकारचं गणित यातल्या बहुतेकांच्या वाट्याला कधी ना कधी येतंच.

एका अभ्यासिकेत १२० मुलं बसतात. त्यातली ७५ ग्रुप-२ ची तयारी करतात, ६० बँकेची. २० जण या दोन्हींपैकी कशाचीच करत नाहीत. तर दोन्ही परीक्षांची तयारी करणारे किती?

७५ आणि ६० मिळून १३५. मुलं १२०, त्यातली २० बाजूला काढली की उरतात १००. म्हणजे शंभर मुलांनी १३५ वेळा हात वर केला. जास्तीचे ३५ हात आले कुठून? ज्यांनी दोन्ही वेळा हात वर केला त्यांच्याकडून. उत्तर ३५.

गणित एवढंच. महाराष्ट्र बोर्डाच्या नववीच्या पुस्तकात ‘संच’ हे पहिलंच प्रकरण आहे. एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकातही पहिलं प्रकरण तेच. संयोग संच, छेद संच, वेन आकृती, आणि मग ते सूत्र: पहिल्याची संख्या अधिक दुसऱ्याची संख्या उणे दोघांच्या छेदाची संख्या. तरीही पंचविशी ओलांडलेली, पदवी घेतलेली मुलं मॉक टेस्टमध्ये याच प्रश्नावर अडतात. याचा दोष बुद्धीला देणं अन्यायाचं आहे. सूत्र त्यांच्या हाती आधी पडलं आणि माणूस नंतर. कित्येकदा तर तो दिसलाच नाही. सूत्रात ‘उणे’ का आलं, कुणाला वजा केलं, हे विचारायची सवड ना शाळेनं दिली ना क्लासनं. निगेटिव्ह मार्किंगची धास्ती आणि प्रश्नामागे जेमतेम मिनिटभर वेळ, अशा घाईत पाठ केलेलं सूत्र हाताशी येतं. प्रश्न काढणाऱ्यानं वाक्यातला एक शब्द बदलला की तेच सूत्र चुकीचं उत्तर देतं.

चांगले शिक्षक सूत्राऐवजी एक चौकट काढून देतात. आडव्या ओळीत ‘ग्रुप-२ हो’ आणि ‘ग्रुप-२ नाही’, उभ्या स्तंभात ‘बँक हो’ आणि ‘बँक नाही’. चार खणांत ३५, ४०, २५ आणि २०. कडेला बेरजा ७५ नि ४५, ६० नि ६०, कोपऱ्यात १२०. आता काहीही विचारा. फक्त ग्रुप-२ करणारे ४०, फक्त बँकेवाले २५, नेमकी एकच परीक्षा धरलेले ६५. चौकटीचा मोठा गुण असा की ‘यातलं काहीच नाही’ म्हणणाऱ्यांनाही तिच्यात हक्काचा खण मिळतो. वर्तुळं काढणारा विद्यार्थी नेमक्या याच माणसांना विसरतो, कारण ती वर्तुळांच्या बाहेर उभी असतात.

या बाहेर उभ्या असलेल्यांवरून एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये खरोखर वाद झाला होता. केंब्रिजच्या जॉन वेन यांनी १८८० मध्ये ‘फिलॉसॉफिकल मॅगझिन’मध्ये आपल्या आकृत्या मांडल्या आणि पुढच्या वर्षी ‘सिंबॉलिक लॉजिक’ या ग्रंथात त्यांचा विस्तार केला. वर्तुळं त्यांच्या आधीची, ऑयलर यांच्या काळातली. ऑयलर यांनी एका जर्मन राजकन्येला तर्कशास्त्र समजावताना ती वापरली होती. वेन यांचं वेगळेपण असं की त्यांनी आधी शक्य तेवढे सगळे कप्पे आखले आणि मग जो रिकामा ठरेल तो रंगवून टाकला. कोण कुठं असेल याचा अंदाज करायचा नाही, आधी सगळ्यांसाठी जागा ठेवायची. वर्तुळांबाहेरच्यांना मात्र त्यांनी कुंपण घातलं नाही. ही उणीव ‘ॲलिस’चे लेखक लुईस कॅरोल यांना खटकली. ते ऑक्सफर्डमध्ये गणित शिकवत. त्यांनी ‘गेम ऑफ लॉजिक’मध्ये चौकोन घेतला, तो उभा-आडवा विभागला आणि ‘हेही नाही, तेही नाही’ असणाऱ्यांना इतरांइतकाच मोठा खण दिला. जीमॅटच्या क्लासमध्ये आज जी चौकट ‘ट्रिक’ म्हणून शिकवतात, तिचं मूळ या चौकोनाच्या फार जवळचं आहे. ट्रिक म्हणून शिकवताना तिच्यामागचा हा सभ्य विचार गळून जातो, याचं वाईट वाटतं.

कॅरोल यांनीच आणखी एक कोडं घातलं, तेही या मुलांना जसंच्या तसं भेटतं, फक्त वेश बदलून. लढाईतून परतलेल्या सैनिकांपैकी ७० टक्क्यांचा एक डोळा गेला आहे, ७५ टक्क्यांचा एक कान, ८० टक्क्यांचा एक हात आणि ८५ टक्क्यांचा एक पाय. चारही गमावलेले किमान किती? चारही आकडे मिळवले की शंभर माणसांमागे ३१० जखमा होतात. प्रत्येकाच्या वाट्याला जास्तीत जास्त तीन दिल्या तरी ३०० च संपतात. उरलेल्या दहा जखमा चौथ्या म्हणून कुणाच्या तरी अंगावर पडणारच. किमान दहा टक्के. कॅटच्या तयारीत हाच प्रश्न टीव्ही, फ्रिज, कार आणि वॉशिंग मशीन असलेल्या कुटुंबांवर बेतलेला असतो. सैनिक जाऊन वॉशिंग मशीन आलं तरी विचार तोच राहतो. आणि तो विचार वर्तुळांनी सुचत नाही. जखमा माणसांना वाटून बघितल्या की सुचतो.

आपल्या अभ्यासिकेतल्या २० जणांची माहिती काढून घेतली तर काय होईल? १२० मुलं, ७५ ग्रुप-२ ची, ६० बँकेची, एवढंच माहीत. आता दोन्ही करणारे किमान १५ असतील आणि जास्तीत जास्त ६०. नेमका आकडा सांगताच येत नाही. जीमॅटमध्ये प्रश्नांचा एक प्रकारच असा आहे की उत्तर काढायचं नसतं. दिलेल्या माहितीवर उत्तर निघेल का, एवढंच सांगायचं. तिथं हुशार मुलं हमखास घसरतात, कारण त्यांचा हात लगेच बेरजेला जातो. दोन वर्तुळांचे आकार कळले म्हणजे ती एकमेकांवर किती चढली आहेत हे कळत नाही. त्यासाठी माणसांनाच विचारावं लागतं.

टक्केवारीतही हाच सापळा असतो. कंपनीत ६० टक्के महिला, महिलांपैकी ३० टक्के पदव्युत्तर, आणि एकूण कर्मचाऱ्यांत पदव्युत्तर ४० टक्के. पदव्युत्तर नसलेले पुरुष किती? ज्यानं ३० हा आकडा थेट चौकटीत लिहिला, तो गेला. शंभर माणसं धरली तर पदव्युत्तर महिला १८, म्हणून पदव्युत्तर पुरुष २२, आणि उरलेले पुरुष १८.

तिसरं वर्तुळ आलं की खरी कसोटी लागते. शंभर हैदराबादी माणसं घ्या. ७० जणांना तेलुगू येते, ५० जणांना उर्दू, ३० जणांना मराठी. प्रत्येकाला तिन्हींपैकी एक तरी येते. दहा जणांना तिन्ही येतात. नेमक्या दोन भाषा येणारे किती? लांबलचक सूत्र आठवू पाहणारा विद्यार्थी इथं गोंधळतो, कारण सूत्राला जोड्यांचे आकडे लागतात आणि ते दिलेलेच नाहीत. पुन्हा हात मोजावेत. शंभर माणसं, १५० हात. पन्नास हात जास्तीचे. दोन भाषा येणाऱ्यानं एक हात जास्तीचा वर केला, तिन्ही येणाऱ्यानं दोन. दहा जणांचे वीस गेले, उरले तीस. नेमक्या दोन भाषा येणारे तीस.

हे उदाहरण चिक्कडपल्लीहून दोन स्थानकं पुढे गेलं की पुस्तकी राहत नाही. सुलतान बाजारात १९०१ साली स्थापन झालेलं श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम हे तेलुगू ग्रंथालय आहे. जवळच जांबागला विवेक वर्धिनी, १९०७ साली सुरू झालेली मराठी मंडळींची शिक्षणसंस्था. निजामाच्या राज्यात तेलुगू, मराठी आणि कन्नड बोलणारे प्रांत होते, आणि कारभार उर्दूत चाले. मराठवाड्यातला मुलगा उच्च शिक्षणासाठी हैदराबादेत आला की त्याचं शिक्षण उर्दूत, भाजीबाजार तेलुगूत आणि पत्रं मराठीत. सेतुमाधवराव पगडी हे याच मुशीतून आलेले. निलंग्यात जन्म, हैदराबाद संस्थानात सनदी नोकरी, मराठीत इतिहासलेखन, फारसी-उर्दूवर हुकमत, आणि गोंडी बोलणाऱ्यांत काम करताना त्यांच्या भाषेचाही अभ्यास. पी. व्ही. नरसिंह राव तर तिन्ही वर्तुळांच्या मधल्या कप्प्यात सापडतात. ह. ना. आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ त्यांनी ‘अबला जीवितम्’ या नावानं तेलुगूत नेली, आणि विश्वनाथ सत्यनारायण यांची ‘वेयि पडगलु’ ही तेलुगू कादंबरी ‘सहस्रफण’ नावानं हिंदीत.

पण याच विवेक वर्धिनीत नोव्हेंबर १९२१ मध्ये एक सभा झाली, ती मराठी माणसानं विसरू नये. समाजसुधारणेची परिषद होती. अध्यक्षस्थानी महर्षी धोंडो केशव कर्वे होते. इंग्रजी, उर्दू, मराठीत भाषणं झाली आणि आलमपल्ली वेंकटरामराव तेलुगूत बोलायला उभे राहिले. श्रोत्यांनी त्यांची हुर्यो उडवली, त्यांना धड बोलू दिलं नाही. त्या अपमानातून त्याच दिवसांत आंध्र जनसंघाची स्थापना झाली. तोच पुढे आंध्र महासभेपर्यंत पोचला आणि तेलंगणाच्या राजकारणाचा एक मोठा प्रवाह झाला. सुधारणेसाठी जमलेल्या लोकांना आपल्याच शहरातल्या शेजाऱ्यांची भाषा परकी वाटावी, ही लाजेची गोष्ट होती. त्या सभागृहात तेलुगू समजणारे मराठी लोक नक्कीच बसले असणार. ते रोज तेलुगूतच व्यवहार करत. त्या क्षणी मात्र ते फक्त एकाच वर्तुळाचे झाले.

जनगणना हा हिशेब जास्त समजुतीनं ठेवते. ती मातृभाषा विचारते आणि त्याशिवाय येणाऱ्या आणखी दोन भाषा नोंदवून घेते. २०११ मध्ये देशातल्या सुमारे २६ टक्के लोकांनी दुसरी भाषा सांगितली आणि सुमारे ७ टक्क्यांनी तिसरीही. म्हणजे दर शंभर भारतीयांमागे १३३ हात वर झाले. मातृभाषा म्हणून मराठी सांगणारे ८.३ कोटी, दुसरी-तिसरी भाषा म्हणून सांगणारे धरले तर ही संख्या ९.९ कोटींच्या आसपास जाते. या वाढीव १.६ कोटींना आपण मराठी भाषकांमध्ये धरतो का? मराठीच्या भवितव्यावरच्या परिसंवादांत त्यांचा उल्लेख क्वचितच होतो.

महाराष्ट्र आणि तेलंगणाच्या सीमेवर तर माणसं भाषेच्याच काय, राज्याच्याही छेदात राहतात. चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवती तालुक्यातली परमडोली, मुकादमगुडा, अंतापूर, येसापूर अशी चौदा गावं तेलंगणाही आपली म्हणतो. त्याच्या लेखी ती कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यातल्या केरामेरी मंडलात येतात. वस्ती प्रामुख्यानं मराठी बोलणाऱ्यांची, त्यातले बरेच मराठवाड्यातून येऊन डोंगरावर स्थायिक झालेले. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय महाराष्ट्राच्या बाजूनं झाला, तरी दोन्ही राज्यांच्या शाळा, दोन्हीकडची रेशनकार्डं आणि दोन्हीकडच्या मतदारयाद्या चालू राहिल्या. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५० च्या १७ व्या कलमाप्रमाणे एका व्यक्तीचं नाव एकाहून अधिक मतदारसंघांत असता येत नाही. इथं मात्र माणसं महाराष्ट्रातही मतदान करतात आणि तेलंगणातही. त्यांना कुणी दुटप्पी म्हणू नये. ज्यांच्या जमिनीचे पट्टे अनेक वर्षं कुठल्याच सरकारनं धड नावावर केले नाहीत, ती माणसं जे सरकार दारात येईल त्याला धरून राहतात. दोन याद्यांत नाव असूनही त्यांच्या पदरात एका नागरिकाइतकं पडलं का, हा प्रश्न आधी विचारायला हवा.

चिक्कडपल्लीच्या मुलांना हे गणित प्रश्नपत्रिकेत भेटतं त्याहून जास्त निकालात भेटतं. त्यांचं आयुष्य ज्या यादीवर अवलंबून आहे, ती यादीच एकमेकांवर चढलेल्या संचांची बनलेली असते.

मंडल खटला म्हणून ओळखल्या जाणाऱ्या इंद्रा साहनी प्रकरणाचा निकाल १६ नोव्हेंबर १९९२ रोजी लागला. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठातलं मुख्य निकालपत्र लिहिलं बी. पी. जीवन रेड्डी यांनी. याच हैदराबादेत वकिली केलेले, इथल्याच उच्च न्यायालयात न्यायाधीश झालेले. त्यांनी आरक्षणाचे दोन प्रकार सांगितले. अनुसूचित जाती, जमाती, मागासवर्ग यांचं उभं आरक्षण. आणि अपंगांसारख्या घटकांचं आडवं, जे उभ्या सगळ्या रकान्यांना छेदत जातं. अपंगांच्या जागेवर निवडलेला उमेदवार अनुसूचित जातीचा असेल तर त्याला त्या रकान्यात बसवायचं, खुल्या वर्गातला असेल तर खुल्यात. एका माणसाच्या दोन ओळखी, पण जागा एक. महाराष्ट्रात एमपीएससी देणारा प्रत्येक जण याला ‘समांतर आरक्षण’ म्हणतो आणि महिलांच्या ३० टक्क्यांचा हिशेब करताना डोकं धरून बसतो.

२००७ मध्ये राजस्थानातल्या एका प्रकरणात, राजेश कुमार दारिया खटल्यात, न्यायमूर्ती आर. व्ही. रवींद्रन यांनी हे एका उदाहरणानं इतकं स्वच्छ केलं की तो परिच्छेद गणिताच्या पुस्तकातही शोभेल. अनुसूचित जातीच्या १९ जागा आहेत, त्यात महिलांचा कोटा चारचा. म्हणजे १५ आणि ४ असे दोन ढीग करायचे नाहीत. आधी त्या प्रवर्गातल्या उमेदवारांची गुणवत्तेनुसार १९ जणांची यादी करायची. तीत चार महिला आल्याच असतील तर काहीही हलवायचं नाही. दोनच आल्या असतील तर त्याच प्रवर्गातल्या पुढच्या दोन महिला वर घ्यायच्या आणि तळाचे दोघे कमी करायचे. चाराहून जास्त आल्या असतील तर सगळ्या राहतात, जास्तीच्या म्हणून कुणालाही काढायचं नाही.

गणिताच्या दृष्टीनं यात एक बारकावा आहे. उभ्या आरक्षणात, अनुसूचित जातीचा उमेदवार स्वतःच्या गुणांवर खुल्या जागेत आला तर त्याला राखीव जागांत मोजत नाहीत. आडव्या आरक्षणात मात्र गुणवत्तेवर आलेली महिला महिलांच्या कोट्यात मोजली जाते. छेदातला माणूस दोन्हीकडे एकच, पण एका ठिकाणी तो बाहेर धरायचा आणि दुसऱ्या ठिकाणी आत. वेन आकृती सांगते छेदात किती माणसं आहेत. त्यांना कुणाच्या बाजूला उभं करायचं हे ती सांगत नाही. ते माणसांनी ठरवायचं असतं, आणि ठरवताना न्याय लागतो.

डिसेंबर २०२० मधल्या सौरव यादव प्रकरणानं हे दाखवून दिलं. उत्तर प्रदेशातल्या पोलीस भरतीत खुल्या प्रवर्गातल्या महिलांच्या जागेवर २७४.८२९८ गुणांची उमेदवार निवडली गेली होती आणि ओबीसी प्रवर्गातली २७६.५९४९ गुणांची महिला बाहेर राहिली होती. कारण सांगितलं गेलं की ती ओबीसी, तिनं खुल्या रकान्यातल्या महिलांच्या जागेकडे पाहू नये. न्यायमूर्ती उदय लळित यांच्या पीठानं हे साफ नाकारलं. खुला प्रवर्ग हा कुठल्या एका जातीचा कप्पा नव्हे, तो सगळ्यांसाठी खुला आहे. विश्वसंच म्हणजे काय, हे इतक्या थेट शब्दांत शाळेतही कुणी सांगत नाही.

आणि मग ऑक्टोबर २०२४. तेलंगणाच्या ग्रुप-१ ची मुख्य परीक्षा तोंडावर आलेली आणि अशोकनगरच्या रस्त्यावर मुलं उतरलेली. या परीक्षेनं त्यांना आधीच दोनदा छळलं होतं. ऑक्टोबर २०२२ ची पूर्वपरीक्षा पेपरफुटीमुळे रद्द झाली, जून २०२३ ची उच्च न्यायालयानं रद्दबातल ठरवली. जून २०२४ मध्ये तिसऱ्यांदा झाली. ५६३ जागा. मुख्य परीक्षेला जागांच्या पन्नासपट उमेदवार बोलवायचे, म्हणजे २८,१५०. बोलावले गेले ३१,३८२.

वरचे ३,२३२ कसे आले, तिथंच वादाचं मूळ होतं. २०२२ च्या ५५ क्रमांकाच्या शासन आदेशात प्रत्येक प्रवर्गाच्या जागांची पन्नासपट वेगळी धरलेली होती. फेब्रुवारी २०२४ च्या २९ क्रमांकाच्या आदेशानं आधी सगळ्यांची एकच गुणवत्ता यादी पन्नासपटीपर्यंत न्यायची आणि मग कुठला प्रवर्ग आपल्या पन्नासपटीला कमी पडला तर तेवढे उमेदवार खालून घ्यायचे, असं ठरवलं. आंदोलकांचं म्हणणं होतं की राखीव प्रवर्गातली जी मुलं स्वतःच्या गुणांवर वरच्या यादीत आली, त्यांनाच प्रवर्गाच्या पन्नासपटीतही धरलं गेलं. ती खुल्यात मोजली असती तर प्रवर्गातून आणखी तितक्याच मुलांना संधी मिळाली असती. सरकारचं म्हणणं होतं की पूर्वपरीक्षा ही फक्त चाळणी आहे, आरक्षण अंतिम निवडीत पूर्ण पाळलं जाईल, आणि निवडलेल्या ३१,३८२ पैकी ५७ टक्क्यांहून अधिक मागासवर्गातलेच आहेत. न्यायालयांनी परीक्षा थांबवली नाही. २१ ऑक्टोबरला, पहिल्या पेपरच्या दिवशी, सर्वोच्च न्यायालयानंही हस्तक्षेप करायला नकार दिला.

कोण बरोबर होतं याचा निवाडा इथं करायचा नाही. पण रस्त्यावर उतरलेल्या मुलांना ‘अभ्यास सोडून आंदोलन करतात’ असं म्हणणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं. ती मुलं अभ्यासाचाच प्रश्न सोडवत होती. एक माणूस दोन याद्यांत आहे, त्याला कुठं मोजलं आणि त्यामुळे कुणाची जागा गेली, हा प्रश्न त्यांनी क्लासमध्ये अनेकदा सोडवला होता. त्या दिवशी त्यातल्या ‘ए’ आणि ‘बी’ च्या जागी त्यांची स्वतःची नावं होती. आई-वडिलांनी शेत गहाण टाकून पाठवलेला मुलगा हे गणित पोटतिडकीनं सोडवणारच.

म्हणून चिक्कडपल्लीतल्या आणि सदाशिव पेठेतल्या, नांदेड-लातूरच्याही शिक्षकांना एक विनंती आहे. संचांचा तास सूत्रानं सुरू करू नका. फळ्यावर चौकट काढा, ‘काहीच नाही’ वाल्यांचा खण आधी आखा आणि मुलांना हात वर करायला लावून मोजा. दुसऱ्या दिवशी रवींद्रन यांच्या निकालातला एकोणीस जागांचा तो परिच्छेद वर्गात मोठ्यानं वाचा, आणि विचारा: पहिल्या एकोणीस जणांत सहा महिला आल्या, तर किती नावं काढायची? बरोबर उत्तर शून्य आहे. ते का, हे वर्गातल्या प्रत्येकाला सांगता येईपर्यंत पुढच्या प्रकरणाकडे जाऊ नका.